हजार फ्रँकला पाचशे : ‘काँ द तियारोय’ पाहिल्यानंतरचा एक प्रश्न

वडाळ्याचा वाचक (मूळ प्रश्न)

नमस्कार. गेल्या रविवारी दादरच्या एका छोट्या सभागृहात, जिथे पडद्यापेक्षा पंख्यांचाच आवाज मोठा असतो, उस्मान सेंबेन आणि तिएर्नो फाती सो यांनी दिग्दर्शित केलेला ‘काँ द तियारोय’ हा १९८८ सालचा सेनेगलचा चित्रपट पाहण्याचा योग आला. चित्रपट अडीच तासांचा आहे. संपल्यावर जिना उतरेपर्यंत कोणी फारसे बोलले नाही. जिन्याच्या तळाशी मात्र एक ज्येष्ठ गृहस्थ, बहुधा निवृत्त बँक अधिकारी असावेत, सहज म्हणून गेले, ‘शेवटी भांडण पैशाचेच ना? यात स्वातंत्र्यलढा कुठे आला?’ ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथानक सांगतो. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढलेले, जर्मनांच्या कैदेत वर्षानुवर्षे काढलेले पश्चिम आफ्रिकी सैनिक १९४४ च्या अखेरीस बोटीने डाकारला परततात आणि शहराबाहेरच्या तियारोय येथील छावणीत त्यांना ‘तात्पुरते’ ठेवले जाते. छावणीला काटेरी तार आहे, टेहळणीचे मनोरे आहेत. बुखेनवाल्डच्या यातनातळातून वाचलेला आणि वाचा गमावलेला ‘पेई’ नावाचा सैनिक त्या तारेला हात लावतो आणि जागीच थिजतो, तेव्हा त्याचा सोबती खाली वाकून मूठभर माती उचलतो आणि ही आपली माती आहे, आपण घरी आलो आहोत, असे त्याला पटवून देतो. प्रेक्षक म्हणून आपणही त्या सोबत्यावर विश्वास ठेवतो.

पुढे एकेक गोष्ट काढून घेतली जाते. आधी अन्न : मांस नाही, समोर येतो तो कसलासा लगदा. मग अंगावरचा अमेरिकी गणवेश उतरवून घेतला जातो आणि हातात लाल गोंडेदार टोपी व अर्धी चड्डी ठेवली जाते. काल युरोपात इतरांच्या बरोबरीने उभ्या असलेल्या माणसाला पुन्हा ‘वसाहतीतला’ करण्यासाठी चड्डीची लांबी पुरते, हे त्या दृश्यात एकही शब्द न बोलता कळते. सर्वांत शेवटी येतात पैसे. फ्रान्समधून आणलेल्या नोटा बदलून देताना हजार फ्रँकला पाचशे, असा निम्मा दर लावला जातो आणि वर ‘एवढे पैसे तुमच्याकडे आले कुठून?’ असा संशयही घेतला जातो. सैनिक चिडून जनरललाच अडकवून ठेवतात. तो पूर्ण दराने पैसे देण्याचा शब्द देतो, ते त्याला सोडतात, रात्री नाचगाणे होते आणि पहाटेच्या अंधारात रणगाडे येतात. ते प्रथम पेईला दिसतात. पण तो बोलू शकत नाही, आणि बाकीच्यांना वाटते की बिचाऱ्याला पुन्हा जर्मनांचे भास होत आहेत.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की चार वर्षे कैद भोगलेली, मृत्यू जवळून पाहिलेली माणसे एका अधिकाऱ्याच्या तोंडी शब्दावर त्याला सोडून देतील, हे खरेच घडले होते, की ती पटकथेची गरज होती? दुसरा प्रश्न त्या ज्येष्ठ गृहस्थांचा आहे, आणि त्याचे उत्तर मला स्वतःला देता आलेले नाही.

एक कबुली देतो. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातले, १९४१ साली मराठा पलटणीत भरती झालेले आणि इटलीत लढून आलेले. ते मी शाळेत असतानाच वारले. त्यांची लोखंडी ट्रंक आमच्या वडाळ्याच्या घरात माळ्यावर आहे. चित्रपट पाहून घरी आल्यावर ती प्रथमच नीट उघडावीशी वाटली, पण अजून उघडलेली नाही.

जुना_नकाशा

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, जनरलला रात्रभर कोंडून ठेवल्याचा प्रसंग चित्रपटाने ताणलेला आहे, परंतु तो निराधार नाही. २८ नोव्हेंबर १९४४ रोजी जनरल दान्यां तियारोयला आला होता. त्या दिवशी सुमारे पाचशे जणांना बामाकोकडे रवाना व्हायचे होते आणि हिशेब चुकता झाल्याशिवाय हलणार नाही, असे त्यांनी सांगितले होते. जनरलची मोटार सैनिकांनी अडवली, त्याने मागण्यांचा विचार करण्याचे आश्वासन दिले आणि वाट मोकळी करून देण्यात आली. परत गेल्यावर मात्र, आपण जवळजवळ ओलीस होतो, असे त्याचे म्हणणे पडले आणि बळाचे प्रदर्शन करण्याचा निर्णय झाला. म्हणजे शब्द दिला गेला, त्यावर विश्वास ठेवला गेला आणि तो मोडला गेला, हे तिन्ही खरे आहे. सेंबेनने त्याला फक्त एक रात्र जोडली.

त्यांनी विश्वास का ठेवला, हे समजण्यासाठी मागे जावे लागते. १९४० साली फ्रान्स पडला तेव्हा हे सैनिक जर्मनांच्या हाती लागले. काळे युद्धकैदी जर्मन भूमीवर नकोत, म्हणून त्यांपैकी बहुतेकांना व्याप्त फ्रान्समधल्याच छावण्यांत ठेवण्यात आले आणि शेतांत, जंगलांत, कारखान्यांत राबवण्यात आले. १९४३ पासून काही ठिकाणी त्यांच्यावर पहारा करण्याचे काम फ्रेंच अधिकाऱ्यांकडेच सोपवले गेले. ज्या देशासाठी पकडले गेलो त्याच देशाचा माणूस शत्रूच्या वतीने आपल्या दारावर उभा आहे, हे या लोकांनी सोसलेले होते, आणि तरीही फ्रान्सकडून आपले देणे कागदावर मान्य झालेले आहे, यावर त्यांचा भरवसा होता. सरकारी परिपत्रकानुसार थकलेल्या पगारातला पाव हिस्सा फ्रान्समध्ये आणि उरलेला पाऊण हिस्सा डाकारला उतरल्यावर मिळायचा होता. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या मोर्ले बंदरावरून ‘सर्केशिया’ नावाचे ब्रिटिश जहाज ५ नोव्हेंबरला निघाले, तेव्हा तीनशेच्या आसपास सैनिकांनी पैसे मिळाल्याशिवाय चढायला नकार दिला. बाकीचे चढले आणि २१ नोव्हेंबरला डाकारला उतरले. तियारोयमध्ये जे मेले ते एका अर्थाने परिपत्रकावर विश्वास ठेवणारे होते. अविश्वास दाखवणारे मोर्लेच्या धक्क्यावरच राहिले.

१ डिसेंबर १९४४ च्या सकाळी, साधारण साडेनऊच्या सुमारास, गोळीबार झाला. चित्रपटात तो रात्री होतो आणि झोपलेल्या माणसांवर रणगाडे चालून येतात. प्रत्यक्षात सैनिकांना पहाटेच बाहेर काढून मैदानात जमवण्यात आले होते आणि ते दिवसाउजेडी मारले गेले. मला विचाराल तर दिवसाचे दृश्य जास्त भयंकर झाले असते, कारण अंधारात गैरसमजाला थोडी जागा राहते. आणखी एक तपशील असा, की गोळ्या झाडणाऱ्यांत फ्रेंच शिपायांबरोबर वसाहतीच्या फौजेतले आफ्रिकी सैनिकही होते. जालियनवाला बागेत बंदुका कोणाच्या हातात होत्या, हे आठवले की यात आपल्याला नवल वाटू नये.

मृतांचा सरकारी आकडा ३५ आहे. त्या काळच्याच दुसऱ्या एका सरकारी कागदात ७० होतात, आणि आर्मेल माबों या फ्रेंच इतिहाससंशोधक बाईंनी वर्षानुवर्षे कागदपत्रे तपासून असा दावा केला आहे की, जहाजावरून उतरलेल्यांची संख्याच मुद्दाम कमी दाखवली गेली आणि मेलेल्यांची संख्या तीनशेच्या घरात किंवा त्याहून अधिक असावी. वाचलेल्यांपैकी ३४ जणांवर बंडाचा खटला चालवून १९४५ च्या मार्चमध्ये त्यांना शिक्षा ठोठावण्यात आल्या. पुढे एक-दोन वर्षांत त्यांना माफी मिळाली. माफी, निर्दोष मुक्तता नव्हे. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी या घटनेला ‘हत्याकांड’ हा शब्द लेखी वापरायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला, म्हणजे ऐंशी वर्षांना दोन-तीन दिवस कमी.

जाता जाता, आपल्या आजोबांच्या संदर्भात एक गोष्ट. लिबियातले टोब्रुक १९४२ च्या जूनमध्ये पडले तेव्हा हजारो भारतीय सैनिकही कैद झाले. त्यांच्यापैकी बरेच जण फिरत फिरत पूर्व फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीत पोहोचले. ११ मे १९४४ रोजी अमेरिकी विमानांच्या बाँबफेकीत त्या छावणीच्या भिंती फुटल्या, आणि त्यांतून निसटलेले सुमारे पाचशे जण चालत चालत स्वित्झर्लंडला पोहोचले. तियारोयचे सैनिक आणि आपले लोक त्या वर्षी एकाच देशातल्या तारांमागे होते.

माझगावकर

त्या ज्येष्ठ गृहस्थांना उत्तर द्यायचे तर त्यांना दादरहून हार्बर लाईनवर नेण्याची गरज नाही, परळपर्यंत नेले तरी पुरे.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या नाविक प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी सकाळी जेवण नाकारले. तक्रार काय होती? भातात खडे, पातळ डाळ, गोऱ्या खलाशांच्या तुलनेत तुटपुंजा पगार, युद्ध संपल्यावर घरी पाठवताना काय मिळणार याचा पत्ता नाही, आणि ‘कुलींची पोरं’, ‘जंगली’ अशा शिव्या घालणारा कमांडर किंग. आता यातले कलम पहिले घ्या : डाळ. कलम दुसरे : पगार. म्हणजे हेही ‘पैशाचेच भांडण’ झाले की. पण त्याच तक्रारींच्या यादीत दुसऱ्या दिवसापर्यंत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलावणे या मागण्या येऊन बसल्या. डाळीच्या भांड्यापासून इंडोनेशियापर्यंतचे अंतर कापायला त्या पोरांना, आणि त्यांतले बहुतेक विशीतलेच होते, चोवीस तासही पुरे झाले. माणूस अपमान एकेक वेगळा मोजत नाही. त्याची बेरीज आपोआप होत असते, आणि ती तोंडातून बाहेर पडते तेव्हा ती कधी जेवणावरून पडते, कधी पगारावरून.

दोन-तीन दिवसांत ७८ जहाजे आणि सुमारे २०,००० खलाशी संपात उतरले. २१ तारखेला कॅसल बराकीत गोळीबार झाला. त्याच दिवशी गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर मुंबईकर खाण्याच्या टोपल्या घेऊन जमले, आणि दुकानदारांनी, इराण्यांनी, हवे ते न्या, पैसे नकोत, असे सांगून दुकाने उघडी केली. मला तियारोय आणि मुंबई यांतला सर्वांत मोठा फरक हाच वाटतो. सेंबेनच्या छावणीभोवती शहर नाही. चित्रपटाचा नायक सार्जंट मेजर दियाता, त्याचा काका आणि चुलत बहीण त्याला भेटायला येतात ती कुंपणापाशी, आणि तेव्हाच त्याला कळते की त्याचे एफोक हे गाव भाताच्या सक्तीच्या वसुलीवरून फ्रेंच सैन्याने उद्ध्वस्त केले आणि आईवडील त्यात गेले. तो फ्रान्ससाठी लढत होता त्याच काळात. शहरातून त्यांच्यासाठी टोपली घेऊन येणारे कोणी नव्हते.

आपल्याकडे शहर आले आणि त्याची किंमतही शहराने मोजली. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या, परळ-लालबागमध्ये लष्कराच्या गाड्या फिरू लागल्या, आणि परळ महिला संघाच्या कार्यकर्त्या कमल दोंदे गोळीने ठार झाल्या. दोन-तीन दिवसांत दोनशेहून अधिक माणसे गेली. माझी आजी तेव्हा लालबागच्या चाळीत नवी सून म्हणून आली होती. ती सांगायची की, लष्करी ट्रकचा आवाज आला की सासू चुलीतला जाळ राखेने झाकायची, जणू ट्रकवाल्यांना चौथ्या मजल्यावरची भाकरी दिसणार होती. चाळीतल्या बायकांनी त्या रात्री गॅलरीतली सगळी वाळवणे आत ओढली, कारण पांढरे धोतर पाहून गोळी येते, अशी कोणीतरी आवई उठवली होती.

आणि शब्दाचे म्हणाल, तर २३ तारखेला काँग्रेस आणि लीग या दोन्ही पक्षांच्या नेत्यांच्या सल्ल्यावरून, कोणावरही सूड घेतला जाणार नाही या भरवशावर, खलाशांनी शरणागतीची खूण म्हणून काळे बावटे चढवले. त्यानंतर अटका झाल्या आणि शेकडो जणांना नोकरीतून काढून घरी पाठवण्यात आले. स्वातंत्र्य मिळाल्यावरही दोन्ही देशांच्या नौदलांनी त्यांना परत घेतले नाही. म्हणून, चार वर्षे कैद भोगलेली माणसे तोंडी शब्दावर विसंबतील का, असे आपण विचारता तेव्हा मला त्यात अशक्य असे काही दिसत नाही. शिस्तीत वाढलेला सैनिक वरिष्ठाच्या शब्दावर विसंबतो, कारण तेच तर त्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते.

तिसरी_घंटा

विषय थोर आहे, याबद्दल दुमत नाही. तरीही चित्रपट म्हणून काही बोलायचे की नाही? मधला तासभर रेंगाळतो, आणि कॅप्टन रेमों हा एक सहृदय फ्रेंच अधिकारी सोडला तर बाकी सगळे गोरे अधिकारी पुठ्ठ्यातून कापून काढल्यासारखे आहेत. ते एकमेकांशीही घोषणांतच बोलतात. दियाता तर इतका सर्वगुणसंपन्न आहे, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या ऐकतो, फ्रेंच बायको, उत्तम वाचन, की त्याचा आदर वाटतो पण काळजी वाटत नाही. माझ्या मते पेई नसता तर हा चित्रपट निबंध झाला असता.

उपशीर्षक

तिसरी_घंटा यांच्याशी मी अर्धी सहमत आहे. अधिकाऱ्यांबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे. दियाताबद्दल मात्र मला वाटते की आपल्यापर्यंत जे पोहोचले त्यातून चित्रपटाचा निम्मा भाग गळलेला होता, आणि तो भाषेचा होता. मी उपजीविकेसाठी पडद्याखालच्या ओळी लिहिते, त्यामुळे हे बोलण्याचा मोह आवरत नाही.

त्या छावणीतले सैनिक एकमेकांशी जी फ्रेंच बोलतात ती फौजेत तयार झालेली मोडकी फ्रेंच आहे. क्रियापदे न चालवता जशीच्या तशी ठेवलेली, ‘मी आहे सांगणे’ अशा चालीची. सेनेगल, सुदान (म्हणजे आजचे माली), नायजर, गॅबन, काँगो, उबांगी अशा वेगवेगळ्या मुलखांतून आलेल्या माणसांना दुसरी सामाईक भाषाच नव्हती, आणि अधिकाऱ्यांनाही त्यांनी चांगली फ्रेंच शिकावी असे वाटत नव्हते. त्यांना एकमेकांची नावेही फारशी लागत नाहीत. ते एकमेकांना मुलखाच्या नावाने हाका मारतात : ए नायजर, ए गॅबन. फ्रेंचांच्या लेखी मात्र हे सगळेच ‘सेनेगाली’. एकेकाळी मुंबईत विंध्याच्या नव्हे, सोलापूरच्या खाली राहणारा प्रत्येक जण ‘मद्रासी’ असायचा, त्यातलाच हा प्रकार.

आता अशा छावणीत एक माणूस अस्खलित, व्याकरणशुद्ध फ्रेंच बोलतो, तेव्हा ते केवळ त्याच्या शिक्षणाचे प्रदर्शन राहत नाही. अधिकाऱ्यांच्या कानाला दियाताचे प्रत्येक वाक्य आगाऊपणासारखे लागते. तो वेश्यागृहात जातो तेव्हा त्याला आधी अमेरिकी निग्रो सैनिक समजून आत घेतात आणि तो इथलाच आहे हे कळताच बाहेर काढतात. पुढे अमेरिकी लष्करी पोलीस त्याला अंगावरच्या गणवेशावरूनच बडवतात. एकाच संध्याकाळी तो दोनदा चुकीचा माणूस ठरतो. आपल्याला पडद्याखाली सगळ्यांचेच संवाद एकाच शुद्ध इंग्रजीत वाचायला मिळाले, त्यामुळे दियाता आणि नायजर यांच्या बोलण्यातले अंतर दिसलेच नाही आणि दियाता नुसता ‘सर्वगुणसंपन्न’ उरला. मला ते काम मराठीत करायला मिळाले असते, तर सैनिकांना मी मुंबईच्या गोदीतली हिंदी दिली असती, ‘हम बोला, साब नहीं सुनता’, आणि दियाताला पुण्यातल्या वक्तृत्वस्पर्धेची मराठी. यावर पुणेकरांनी रागावू नये.

ब्रिटिशांनीही हिंदी फौजेसाठी असाच तोडगा काढला होता, रोमन लिपीत लिहिलेली हिंदुस्तानी. मराठा असो, पंजाबी असो वा गढवाली, लष्करी कागद, पाट्या, हुकूम त्याच लिपीत शिकायचे. वडाळ्याच्या वाचकांना आजोबांच्या ट्रंकेत काही कागद मिळाले, तर त्यावर देवनागरी किंवा मोडीऐवजी ही रोमन हिंदुस्तानी दिसण्याचा संभव बराच आहे.

सेंबेनविषयी एकच मुद्दा जोडते. तो स्वतः त्याच वसाहती फौजेत होता, युद्धानंतर मार्सेच्या गोदीत हमाली केली आणि तिथेच लिहू लागला. हा चित्रपट त्याने फ्रान्सकडून दमडी न घेता, सेनेगल, अल्जीरिया आणि ट्युनिशिया यांच्या पैशांवर केला. व्हेनिसमध्ये परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळूनही फ्रान्समध्ये तो कित्येक वर्षे पडद्यावर येऊ शकला नाही, आणि २०२४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली ती कान महोत्सवात, म्हणजे फ्रान्समध्येच. त्या ज्येष्ठ गृहस्थांनी पैशाचा विषय काढलाच आहे तर हाही हिशेब त्यात धरावा.

जुना_नकाशा

पैशाचा विषय निघालाच आहे म्हणून पुरवणी. तियारोयचा निम्मा दर हा एका छावणीचा अपवाद नव्हता. १९५९ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्सने कायदा करून, स्वतंत्र होत असलेल्या वसाहतींतल्या माजी सैनिकांची निवृत्तिवेतने आहे त्या आकड्यावर गोठवली. फ्रेंच सैनिकाचे वेतन महागाईबरोबर वाढत गेले आणि त्याच खंदकात, तितकेच दिवस बसलेल्या आफ्रिकी सैनिकाचे जिथल्या तिथे राहिले. २००६ साली उत्तर आफ्रिकी सैनिकांवरचा एक चित्रपट कानला गाजला आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्या कारकिर्दीत काही भत्ते समान करण्याचा निर्णय झाला. उरलेल्यांसाठी २०१० उजाडावे लागले. तोपर्यंत घ्यायला किती जण जिवंत होते, हे वयाचे गणित ज्याने त्याने करावे. १९४० साली वीस वर्षांचा असलेला माणूस तेव्हा नव्वदीत होता.

वडाळ्याचा वाचक

सर्वांचे आभार. काल रात्री ट्रंक खाली काढली.

वर पांघरूण होते, त्याखाली डांबराच्या गोळ्यांची भुकटी, दोन पदके, हातमोज्यांचा एकच मोजा, आणि मेणकापडात गुंडाळलेले पगाराचे छोटे पुस्तक. आर्द्रतेने पाने चिकटली आहेत. बायकोने ती भाजी चिरायच्या सुरीच्या पाठीने एकेक सोडवली. उपशीर्षक यांचा अंदाज बरोबर निघाला : आत बरेच काही छापील इंग्रजीत, आणि हाताने लिहिलेले रोमन हिंदुस्तानीत आहे. शेवटून दुसऱ्या पानावर रकमेच्या रकान्यात आकडा आहे, तो शाई पसरल्यामुळे वाचता येत नाही, आणि त्याच्यापुढे लिहिले आहे, ‘बाकी हिसाब बेलगाम में’. बेळगाव, म्हणजे मराठा पलटणीचे केंद्र. पाव हिस्सा इथे आणि पाऊण हिस्सा डाकारला, हे कालच वाचलेले असल्यामुळे ती ओळ वाचून मी बराच वेळ तसाच बसलो.

आजोबांना निवृत्तिवेतन नव्हते, एवढे मला ठाऊक होते. युद्धापुरते भरती झालेल्यांची सेवेची वर्षे त्यासाठी पुरत नसत. पुढे राज्य शासनाने महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मानधन सुरू केले, तेव्हा आजी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेली होती. तिथल्या माणसाने, नवरा लढला याचा पुरावा काय, असे विचारले, तर तिने पदके टेबलावर ठेवली. पदके कोणाचीही असू शकतात, कागद आणा, असे उत्तर मिळाले. हे पुस्तक तेव्हा ट्रंकेच्या तळाशीच होते, पण ते आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हते. ती दुसऱ्यांदा गेली नाही.

आज सकाळी कोरेगाव तालुक्यात राहणाऱ्या आत्याला फोन केला. तिचे वय शहाऐंशी आहे, पण पैशाच्या बाबतीत स्मरणशक्ती पक्की आहे. माझी समजूत अशी होऊ लागली होती की बेळगावातही हजारला पाचशेच झाले असणार. तिने मला तिथेच थांबवले. ‘तुझ्या आज्याला बेळगावात सगळे पैसे मिळाले,’ ती म्हणाली. ‘मी लहान होते, पण आठवतंय. त्याच पैशांतून घरावरचं गवत काढून मंगलोरी कौलं घातली. गावात तोवर दोनच घरांवर कौलं होती.’

तेव्हा आमच्या घराण्यापुरती तक्रार निवृत्तिवेतनाची उरते, पगाराची नाही, हे इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते, नाहीतर आजोबांच्या नावावर तियारोय खपवल्यासारखे होईल. त्या ज्येष्ठ गृहस्थांची पुढच्या प्रदर्शनाला गाठ पडली तर ‘पैशाचेच ना’ याला काय म्हणायचे, ते मी आत्याकडूनच घेतले आहे. हजार फ्रँक कमावून आणलेल्या माणसानेही मनात काही कौले मोजून ठेवलेलीच असणार, आणि त्याला पाचशे सांगितले तेव्हा निम्मे छप्पर गेले.

आमची ती कौले अजून घरावर आहेत. मागच्या पावसाळ्यात माकडांनी चार फोडली, ती बदलावी लागली.